ग्रंथ आमचा, किल्ली परक्याची

विकत घेतलेल्या ग्रंथावर विकत घेणाऱ्याचा हक्क असतो, हे तत्त्व इतके जुने आणि सर्वमान्य आहे की त्याचा पुनरुच्चार करावा लागणे हेच नवल होय. ई-पुस्तकांनी मात्र ती वेळ आणली आहे.

आम्ही बदलीच्या नोकरीतली माणसे. पूर्वी बदलीचा हुकूम आला की लाकडी खोक्यांत भरलेला ग्रंथसंग्रह रेल्वेने जाई, आणि पाचव्या बदलीनंतर निम्मा उरे. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके येऊ लागली, तेव्हा हा प्रश्न सुटला असे आम्हां सर्वांस वाटले. शंभर पुस्तके खिशात घालून म्हैसुरास यावे, यापरते सुख कोणते? परंतु यंत्र बदलले, की या सुखाचे खरे स्वरूप कळते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकासाठी किंडलचा वाचक-कार्यक्रमच नाही. फाइल समोर असते, पैसे दिलेले असतात, आणि पुस्तक उघडत नाही.

येथे दोन गोष्टींत विवेक केला पाहिजे. एक साचा, दुसरे कुलूप. साचा बदलणे सोपे आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये आरंभलेली कॅलिबर ही मोफत प्रणाली एका साच्यातील पुस्तक दुसऱ्या साच्यात घटकाभरात उतरवून देते. परंतु फाइलीवर विक्रेत्याचे कुलूप असेल तर तिचाही निरुपाय होतो. अडचण अक्षरांची नाही, मालकीची आहे. देवराज मोहल्ल्यातील मंडईत केळ्यांचा घड घेतला, तर तो कोणत्या घरी आणि कोणत्या ताटात खाल, असे दुकानदार विचारीत नाही. पुस्तकाचा विक्रेता मात्र तसे विचारतो. इतकेच नव्हे, तर आम्ही पुस्तक विकलेच नाही, केवळ वाचण्याचा परवाना दिला, असे आपल्या अटींत लिहून ठेवतो.

हा परवाना किती कच्चा असतो याचे दाखले आहेत. २००९ साली अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांना न विचारता काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते, पैसेही परत मिळाले, कंपनीप्रमुखांनी क्षमाही मागितली. पण घरात शिरण्याची वाट उघडी आहे हे जगास कळून चुकले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्यासरशी ग्राहकांची पुस्तकेही गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने आपली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने किंडलमध्ये नेण्याची सोय काढून टाकली.

आमचे कित्येक सहकारी म्हणतात की कुलूप काढणे हा गुन्हा आहे, आणि सरकारी माणसाने त्या फंदात पडू नये. त्यांनी मूळ कायदा वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप मोडणारास. अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी तेच कृत्य करण्यास त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने मोकळीक ठेवली आहे. शिवाय कलम ५२ खाजगी उपयोगासाठी रास्त वापर मान्य करते. विक्रेत्याच्या करारातील अटी हा निराळा प्रश्न. पण करारभंग आणि चोरी यांतील भेद ज्यांना कळू नये, असे आमचे वाचक नव्हेत.

प्रकाशकांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुलूप काढले तर पुस्तक फुकट वाटले जाईल, आणि आधीच तुटपुंजे मानधन मिळणारा मराठी लेखक बुडेल, असे ते म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. त्यांचा उपाय खोटा आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणारी चोरटी पुस्तके कागदी प्रतींची छायाचित्रे काढूनही तयार होतात, आणि तेथे कुलूप काय करणार? चोराला ते अडवीत नाही. अडतो तो पैसे मोजणारा. ज्याला सचोटीची शिक्षा भोगावी लागते, तो पुढच्या वेळी पुस्तक विकत का घेईल?

याच म्हैसूर नगरीत १८९१ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या ग्रंथालयात तंजावरकडील एका पंडिताने ग्रंथलिपीतील एक ताडपत्री पोथी आणून दिली. ती कौटिल्याचे अर्थशास्त्र होय हे शामशास्त्री यांनी ओळखले आणि १९०९ मध्ये संहिता छापून प्रसिद्ध केली. शतकानुशतके कोणी ना कोणी जुन्या पानावरून नव्या पानावर ती उतरवीत आला, म्हणून ती शामशास्त्र्यांच्या हाती पडली. नक्कल करण्यास कुलूप असते तर आज कौटिल्याचे केवळ नाव उरते. ग्रंथ टिकतो तो नकलेने. आणि मोडी दप्तरे वाचणारे विरळ झाल्यावर काय होते, हे मराठी माणसास सांगावयास नको.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मराठी प्रकाशकांनी आपली ई-पुस्तके ईपब या खुल्या साच्यात, कुलुपाविना विकावीत; हवे तर प्रत्येक प्रतीवर ग्राहकाचे नाव उमटवावे, म्हणजे वाटणाराला लाज वाटेल. लेखकांनी ही अट करारात घालून घ्यावी. आणि आपण वाचकांनी पुस्तक घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे उद्या दुसऱ्या यंत्रावर उघडेल काय? उत्तर नकारार्थी आले, तर कागदी प्रत मागवावी. तिचे ओझे होते, परंतु ती आपली असते.