साठी आली, सायकल काढा

आपल्याकडे जुन्या माणसांच्या वाढदिवसाची एक गंमत आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच नीट ठाऊक नसे. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे एकेका गावात कितीतरी जणांची साठी एकाच दिवशी भरते! मग साठीशांत होते, मांडव पडतो, पंगती उठतात, फेटा आणि शाल-नारळ होतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच माणूस गोठ्यात धारेला बसलेले असते. पाहुणे जेवून गेले, पण ज्याची साठी त्याला काय मिळाले?

आज एका बाईची हकीकत सांगतो. आयर्लंड देशात लिस्मोर नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे १९३१ साली डर्व्हला मर्फी जन्मली. दहाव्या वाढदिवसाला तिला आईवडिलांनी एक जुनी सायकल दिली आणि आजोबांनी जुनाच नकाशासंग्रह दिला. नकाशा पाहून पोरीने मनाशी ठरवले की, या सायकलवरून एक दिवस हिंदुस्थानात जायचे.

पण घर म्हटले की अडचण आलीच. आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी डर्व्हलाने शाळा सोडली आणि आईच्या सेवेला लागली. ही सेवा १९६२ साली आईचे निधन होईपर्यंत चालली. पुढे जानेवारी १९६३ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, ती एकटी निघाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत जुलैत दिल्लीला पोचली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. दहाव्या वर्षीची इच्छा एकवीस वर्षांनी पुरी झाली. त्या प्रवासावरचे तिचे पुस्तक १९६५ साली निघाले आणि पुढे ती जन्मभर हिंडत राहिली. २०२२ साली, नव्वदाव्या वर्षी ती वारली.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. आई अंथरुणावर असतानाही घराने तिला अगदीच बांधून ठेवले नव्हते. विशीत ती मधूनमधून काही आठवडे सायकलवर बाहेर जाऊन येई. घराने ती रजा दिली म्हणूनच तिची हौस जिवंत राहिली.

वाचकहो, आपल्या घरातही असे कुणीतरी असतेच. शेत, जनावरे, मुलांची शिक्षणे, लग्ने यांत ज्याची इच्छा मागे राहिली असे कुणीतरी. कुणाला सायकलवर पंढरपूर करायचे होते, कुणाला कोकणातला समुद्र पाहायचा होता. त्यांच्या साठीला आठ दिवसांची रजा द्या. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आणि हे केवळ बाबांपुरते नाही. मुलीच्या वयात सायकल चालवलेल्या कितीतरी बायका आता पन्नाशी-साठीला आल्या आहेत. आईलाही विचारा. ती पहिल्यांदा ‘मला कुठे जमतंय’ असेच म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.

आता व्यवहाराचे बोलू. १ जूनच्या तारखेला अडून बसू नका. ऊन असते, खरिपाची घाई असते. दिवाळीनंतरच्या थंडीत रब्बीच्या पेरण्या उरकल्या की निघावे. पुण्याहून पंढरपूर सुमारे दोनशे दहा किलोमीटर आहे. रोज पन्नासच्या आत चालवले तर पाच दिवसांत आरामात पोचाल. येताना सायकल टेम्पोत टाकून आणली तरी काही कमीपणा नाही.

तयारी दोन महिने आधी सुरू करा. प्रथम डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. ते नको म्हणाले तर ऐका. पहिल्या आठवड्यात रोज पाच किलोमीटर, मग हळूहळू वाढवत तीसपर्यंत जा. निघण्यापूर्वी एकदा सामान बांधून लागोपाठ दोन दिवस चालवून पाहा. दुसऱ्या दिवशी अंग काय म्हणते, ते खरे.

पायडल खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट उंच हवी. सीट बुटकी राहिली की गुडघे धरतात. ब्रेकचे रबर नवे घाला, चेनला तेल द्या. सोबत पंप, पाना, पंक्चरचे सामान आणि एक जादा ट्यूब असू द्या. डर्व्हलाने तर टायर आधीच टपालाने वाटेवरच्या शहरांत पाठवून ठेवले होते! सामान कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखे बांधा.

उजाडताच निघा, उन्हे चढण्याआधी थांबा. अंधारात सायकल चालवू नका. डोक्याला हेल्मेट, अंगात भडक रंगाचा सदरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. शक्यतो गावांतून जाणारा जुना रस्ता धरा. औषधे वेळेवर घ्या आणि मुक्कामाला पोचलात की घरी फोन करा.

मात्र खरी तयारी घरच्यांनी करायची आहे. धारा कोण काढणार, रात्रीची वीज आली तर पाणी कोण धरणार, डेअरीला दूध कोण घालणार, हे आधीच वाटून घ्या. आईची पाळी असेल तर चूल कोण सांभाळणार, तेही ठरवा. आणि एक पथ्य पाळा: वाटेवरच्या माणसाला ‘म्हैस दूध देत नाही’ असला फोन करू नका. म्हशीचे आपले आपण बघा.

आठ दिवसांत शेत काही ओसाड पडत नाही. उलट आपल्यावाचूनही घर चालते, हे थोरांना कळते आणि आपल्याला चालवता येते, हे मुलांना कळते. पुढेमागे कारभार हाती द्यायचाच असतो, त्याची ही रंगीत तालीम समजा.

तेव्हा या दिवाळीआधी घरातल्या थोरांना एकदा विचारून ठेवा: तुम्हांला कुठे जायचे राहिले आहे?