कप्तानाचे वय आणि चौथीचा वर्ग

शाळेच्या दिनदर्शिकेत वाचनाचा दिवस ऑक्टोबरात येतो आणि गणिताचा डिसेंबरात. 15 ऑक्टोबरला अब्दुल कलाम यांच्या तसबिरीला हार घालून, सतरंजीवर पुस्तके मांडून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. 22 डिसेंबरला रामानुजन यांच्या तसबिरीची पाळी: फलकलेखन, पाढे पाठांतर, भौमितिक रांगोळ्या. मधे सत्र परीक्षा आणि दिवाळी. या दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कोणाला वाटत नाही आणि वर्गातही ते तसेच उतरते. चौथीला दोन्ही विषय बहुधा एकच बाई शिकवतात. खोली तीच, फळा तोच. तरीही मराठीची वही मिटली की मुले वाचायचे थांबतात. गणिताची उघडली की उदाहरणातले आकडे तेवढे वेचू लागतात. गणित दिनाच्या निमित्ताने आम्हाला बोलायचे आहे ते या वेचण्याविषयी. तेही ‘कच्च्या’ मुलांच्या नव्हे, शाळा ज्यांना हुशार म्हणते त्यांच्या.

त्याला कारणही आहे. शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय राज्य सरकारने 2025 मध्ये घेतला. 1954-55 पासून चालत आलेली ही परीक्षा 2016-17 मध्ये शिक्षण हक्क कायद्यातल्या टप्प्यांशी जुळवून पाचवी-आठवीला नेली होती. ज्या शाळा चौथीलाच संपतात त्यांचा या परीक्षेशी असलेला धागा त्यामुळे तुटला. तयारी एकाने करून घ्यायची आणि नाव दुसऱ्या शाळेचे व्हायचे, मग तयारी कोण करून घेणार? परतीचा निर्णय म्हणून योग्यच आहे. पण त्याबरोबर ‘स्कॉलरशिपचा वर्ग’ही एक वर्ष आधी भरणार, आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा. गिरगावापासून परळपर्यंतच्या मराठी शाळांची पटसंख्या ओसरत गेली आणि जिथे ती टिकवण्याची धडपड चालू आहे, शीवच्या डी. एस. हायस्कूलसारख्या ठिकाणी, तिथे मराठी माध्यमात शिकूनही मूल मागे पडत नाही हे पालकांना सतत पटवून द्यावे लागते. प्रवेशद्वारावर गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फ्लेक्स लागतात ते हौसेने नव्हे. त्यामुळे या वर्गावर टीका करताना शाळांची अडचण विसरून चालणार नाही.

अडचण मान्य करूनही एक हिशेब मांडायला हवा. पाचवीला होत आलेल्या परीक्षेत पहिल्या पेपरला प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न असत. वेळ दीड तास. म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद. त्यात वाचायचे, करायचे, उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवायचा. भाषा आणि गणित एकाच पुस्तिकेत बांधणारी ही परीक्षा, पण तिथेही दोघे शेजारी बसतात ते न बोलता. मुलांना शिकवले जाते ते वेगळेच: ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसले की भागाकार. युक्ती म्हणून हे वाईट नाही. बऱ्याचदा उत्तरही बरोबर येते आणि म्हणूनच मूल वाक्य वाचत नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील गणित शिक्षणाच्या संशोधकांनी 1980 च्या सुमारास हे लक्षात आणून दिले. त्यांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारले: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांतून वय काढून दाखवले. ही मुले मंद नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतच असते, हे ती शाळेकडूनच शिकली होती. त्या अर्थाने ती वर्गातली प्रगत मुले होती.

आपल्याकडे हा कप्तान शोधायला जहाजावर जायला नको. शीव स्थानकाजवळचा रेल्वेवरचा पूल 1912 चा. 1 ऑगस्ट 2024 पासून तो पाडून नवा बांधण्यासाठी बंद झाला आणि धारावीच्या बाजूने शाळेत येणाऱ्या मुलांना वळसा पडू लागला. चौथीच्या वर्गात एवढेच फळ्यावर लिहावे: पूल 1912 मध्ये बांधला, 2024 मध्ये बंद झाला, तर पुलाजवळ राहणाऱ्या आजींचे वय किती? 112 असे उत्तर देणारे हात वर येतील. ते आधी वर येतील ते पहिल्या बाकांवरून, अशी आम्हाला शंका आहे. आणि कुठल्या तरी मागच्या बाकावरून प्रश्न येईल, ‘बाई, आजी कोणाची?’ त्या मुलाने उदाहरण वाचलेले असते.

दुसरे उदाहरण बसचे. 2025 च्या मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे साध्या बससाठी 5 रुपयांवरून 10 आणि वातानुकूलित बससाठी 6 वरून 12 झाले. कोणाचे भाडे जास्त वाढले? एक मूल म्हणेल, वातानुकूलितचे, कारण 6 रुपये 5 पेक्षा जास्त. दुसरे म्हणेल, दोन्ही दुप्पट झाली, म्हणजे सारखीच. तिसरे विचारेल, रोज कोणत्या बसने जायचे ते सांगा, मग सांगतो. तिघेही बरोबर आहेत. भांडण आकड्यांचे नाही, ‘जास्त वाढले’ याचा अर्थ कसा लावायचा याचे आहे. अशा भांडणाला आठवड्यातून एक तास मिळाला तर गुणोत्तर आणि टक्केवारी ही प्रकरणे पुढच्या इयत्तांत अर्धी शिकवून झालेली असतील. पण 72 सेकंदांच्या तयारीत याला जागा नाही.

इथे ‘हुशार तुकडी’ या संस्थेकडे वळावे लागते. मूल भराभर उदाहरणे सोडवते म्हणून त्याला वेगळे काढायचे, त्याच्यासाठी जादा तास, जाड मार्गदर्शक, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच. बाकीच्यांनी मागे राहून रोजचे पाठ करायचे. संथ मुले बाजूला झाली की वेगवान मुले सुटतील, असे त्यामागचे गृहीतक. ते तपासले गेले आहे आणि तेही याच शहरात. 1990 च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी नावाचा उपक्रम होता. महापालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातले साधारण दोन तास वेगळे बसवायचे आणि वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी त्यांना वाचन आणि अंकगणित पहिल्यापासून शिकवणार. मानधन जेमतेम, प्रशिक्षण दोन आठवड्यांचे. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अर्थतज्ज्ञांनी याची शिस्तशीर पाहणी केली. त्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 मध्ये नोबेल मिळाले.

बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत जास्त. या निष्कर्षाची चर्चा जगभर झाली. त्याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष आपल्या शिक्षक-पालकांच्या कानावर फारसा आलेला नाही. जी ‘बरी’ मुले मूळ वर्गातच राहिली, त्यांच्या वर्गातली गर्दी दोन तासांपुरती कमी झाली होती आणि मागे पडणारी मुले तिथे नव्हती. तरीही त्यांच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. वर्ग मोकळा झाला, शिकवणे तेच राहिले. शिक्षक पाठ्यपुस्तकाच्या वेगाने पुढे जात होते, तसेच गेले. शेजारचे बाक रिकामे केल्याने कोणी हुशार होत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. मागे पडलेल्यांसाठी शिकवण्याची रीत बदलली म्हणून ती पुढे आली. पुढे असलेल्यांसाठी रीत बदलायचा विचार कोणी केला नव्हता.

रीत बदलणे म्हणजे काय हे सांगू पाहणाऱ्यांची आपल्याकडे काय गत होते, तेही आठवावे. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही संख्यावाचन आले आणि विधिमंडळापासून व्हॉट्सॲपपर्यंत हशा पिकला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मराठी संख्यानामांतली जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. ‘सदतीस’ ऐकताना आधी सात कानावर पडतात, लिहिताना आधी तीन लिहायचे असतात. मूल 73 लिहून मोकळे होते. ही गणिताची चूक नाही, ऐकण्या-वाचण्याच्या वाटेवरची अडखळ आहे. घरी तमिळ, तेलुगू किंवा हिंदी बोलणारी मुले शीव-धारावीच्या शाळांत किती असतात ते पाहिले, तर ही अडचण कोणा कल्पकाच्या डोक्यातली नव्हती हे कळेल. उपाय हाच की दुसरा, यावर वाद जरूर व्हावा. पण बाईंनी मांडलेला प्रश्न वाचला किती जणांनी? आकडे वेचून कप्तानाचे वय सांगणारे त्या महिन्यात विधिमंडळातही होते. मंगलाताई 2023 च्या जुलैत गेल्या. ‘गणितगप्पा’ हे त्यांचे पुस्तक मात्र आजही चौथी-पाचवीच्या मुलासमोर निःशंक ठेवता येते, आणि गणिताच्या तासाला मोठ्याने वाचावे असे जे थोडे मराठीत आहे त्यात ते वरचे आहे.

गणित वाचायचे असते ही कल्पना परकी नाही. भास्कराचार्यांची लीलावती 1150 ची, सगळी छंदोबद्ध. तिच्यातल्या उदाहरणांत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. श्लोक उलगडल्याशिवाय आकडा हाती लागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना भाषेचा तास वेगळा आणि गणिताचा वेगळा असे सांगून पटले नसते.

प्रश्न वेळेचा आहे, तर त्याचीही सोय झालेली आहे. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सरकारने 2024 मध्ये जाहीर केला. त्या दिवशी योग, खेळ, कला आणि बऱ्याच शाळांत नुसती धांदल चालते. त्यातला एक तास, सगळ्या वर्गाचा, तुकड्या न पाडता, एकाच उदाहरणाला द्यावा. एकाने ते मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याने आकडे न उच्चारता गोष्ट सांगायची: कोण आहे, काय घडले, काय विचारले आहे. तिसऱ्याने काय दिलेले नाही ते सांगायचे. मग पाटी-पेन्सिल. शेवटी प्रत्येकाने त्याच जातीचे एक उदाहरण स्वतः लिहून आणायचे, शुद्धलेखनासकट. ज्याला उत्तर आधीच आले आहे त्याच्यासाठी हे शेवटचे काम सर्वांत कठीण असते. सोडवणारे सफाईदार हात रचताना अडखळतात. हुशार मुलाला गुंतवून ठेवायला याहून जाड पुस्तक लागत नाही.

साहित्य हवे असेल तर 2025 या वर्षाचा आकडाच घ्यावा. 2025 हा 45 चा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, 20 आणि 25. बेरीज पुन्हा 45. असे गुण असलेल्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, 1905 मध्ये डहाणूला जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांवरून. त्यांचा जगप्रसिद्ध आकडा 6174. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, येईल तिच्यावर पुन्हा तेच. 2025 पासून निघालो तर 4995, 5355, 1998, 8082, 8532 आणि मग 6174. त्यापुढे तोच आकडा येत राहतो. सात पायऱ्यांहून अधिक कधीच लागत नाहीत. हातच्याच्या सहा वजाबाक्या मुले तक्रार न करता करतात, कारण शेवटी काय येते ते पाहायचे असते. त्यातही पहिल्याच पायरीला वाचनाचा पेच आहे: 0225 ही चार अंकी संख्या म्हणायची का? नियम कसा लिहिला म्हणजे हे भांडण होणार नाही? कापरेकरांना विद्यापीठातल्या पंडितांनी फारसे मोजले नाही. पण त्यांचे गणित चौथीच्या मुलाला हातात धरता येते, हे भाग्य त्या पंडितांपैकी थोड्यांनाच लाभले.

राहता राहिली परीक्षा. ती असेल तसे शिकवले जाईल हे उघड आहे, तेव्हा बदल तिथूनही व्हावा. चौथीसाठी नवी सुरुवात होतच आहे, तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने गणिताच्या प्रश्नांत दरवर्षी दोन-तीन असे घालावेत, ज्यांचे अचूक उत्तर ‘दिलेली माहिती अपुरी आहे’ हे असेल. आणि प्रश्नांची संख्या तेवढीच घटवून वाचायला वेळ द्यावा. पहिल्या वर्षी शिकवणीवाले आणि पालक प्रश्नच चुकले म्हणून ओरड करतील. अंतरिम उत्तरसूचीवर आक्षेप नोंदवण्याची सोय परिषदेच्या संकेतस्थळावर आहेच. त्यांनी तो जरूर नोंदवावा, फक्त त्याआधी प्रश्न एकदा मोठ्याने वाचावा.