पिग्मीचे 50 रुपये आणि कार्डाचे 42 टक्के

हातकणंगले तालुक्यातल्या कोणत्याही बाजारपेठेत पिग्मी एजंट ओळखीचा असतो. किराणा दुकान, सलून, चहाची टपरी, मोबाइल दुरुस्ती असे करत तो रोज 50, 100 रुपये गोळा करतो आणि पतसंस्थेत भरतो. पिग्मीची ही पद्धत 1928 मध्ये उडुपीत सिंडिकेट बँकेने सुरू केली. ज्याच्या हातात महिनाअखेरीस काही उरत नाही, त्याला रोज थोडे बाजूला टाकता येते, एवढा साधा विचार त्यामागे होता.

त्याच दुकानांच्या काउंटरवर आता क्यूआर कोडही असतो. सप्टेंबर 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे पूर्वी मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन खरेदीलाच बाहेर निघणारे कार्ड आज वडापावच्या गाड्यावरही चालते. खात्यातून पैसे गेले की कार्डातून, हे फोनच्या पडद्यावर एका ओळीपुरते दिसते. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या 2024 मध्येच 10 कोटींच्या पुढे गेली.

परिणामी एकाच घरात दोन उलटे व्यवहार चालतात. एका खिशातून रोज 50 रुपये पिग्मीत जातात आणि त्यावर जेमतेम काही टक्के व्याज मिळते. दुसऱ्या खिशातले कार्ड थकलेले असते आणि त्यावर वर्षाला 42 टक्के व्याज चढत असते.

सावकारापेक्षा महाग?

बहुतेक कार्डांवर थकबाकीचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. महिन्याचा आकडा किरकोळ वाटतो, पण वर्षाचे 42 टक्के होतात. व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकरी कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कार्डाला अशी मर्यादा नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो आदेश रद्द केला. गावात दरमहा तीन टक्क्यांनी पैसे देणाऱ्याला लोक नावे ठेवतात. साडेतीन टक्क्यांचे कार्ड मात्र पाकिटात मानाने राहते.

60 हजारांचा हिशेब

समजा, कार्डावर 60 हजार रुपये थकले आहेत. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज 2,100 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 378 रुपये, म्हणजे एकूण 2,478 रुपये. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ 5 टक्के धरली तर 3,000 रुपये होते. ती भरली की बँकेचे फोन येत नाहीत, विलंब शुल्क लागत नाही आणि ‘आपले सगळे सुरळीत आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात कर्ज फक्त 522 रुपयांनी उतरलेले असते. पुढच्या महिन्यात किमान रक्कम आणखी थोडी कमी येते, आणि माणूस तेवढीच भरतो. या गतीने 60 हजारांचे 30 हजार व्हायलाच साडेसहा वर्षे लागतात.

आता किमान रक्कम कितीही खाली आली तरी दरमहा 3,000 रुपयेच भरायचे असे ठरवले, तर कर्ज 44 महिन्यांत फिटते. एकूण सुमारे 1 लाख 30 हजार रुपये जातात. त्यात रोजचे 50 रुपये, म्हणजे महिन्याला 1,500 रुपये वाढवून 4,500 भरले, तर 20 महिन्यांत सुटका होते आणि एकूण खर्च सुमारे 89 हजारांवर येतो. दिवसाच्या 50 रुपयांनी जवळपास दोन वर्षे आणि 40 हजार रुपये वाचतात.

आणखी 50 रुपये काढून महिन्याला 6,000 भरले, तर कर्ज साधारण 13 महिन्यांत संपते, पण जादाची बचत 10 हजारांचीच होते. सर्वाधिक काम पहिले 50 रुपये करतात. म्हणूनच पोटाला चिमटा काढून दोन महिने मोठी रक्कम भरायची आणि तिसऱ्या महिन्यात थकून सोडून द्यायचे, यापेक्षा लहान पण न चुकणारी रक्कम बरी.

हा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे. थकबाकी असेपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी करायची नाही. मागचे बिल पूर्ण भरलेले नसले की बिनव्याजी मुदत मिळत नाही. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, मग ती 20 रुपयांच्या चहाची असो. त्यामुळे पहिले काम म्हणजे यूपीआय ॲपमधून क्रेडिट कार्ड काढून टाकणे. त्याला दोन मिनिटे लागतात.

50 रुपये आणायचे कुठून?

चहा बंद करा, हा सल्ला सोपा आहे. तो देणाऱ्याने यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तासांची पाळी काढलेली नसते. चहा राहू द्यावा. मोठी गळती बहुधा दुचाकीच्या टाकीत असते. हातकणंगले ते कोल्हापूर हे अंतर सुमारे 20 किलोमीटर, जाऊन-येऊन 40. लिटरला 50 किलोमीटर देणाऱ्या गाडीला यासाठी रोज 80 रुपयांच्या आसपास पेट्रोल लागते. एकाच पाळीतले दोघे आलटूनपालटून एकमेकांच्या गाडीवर गेले, तर प्रत्येकाचे 25 दिवसांत हजारभर रुपये वाचतात. वेळ जुळत असेल तर मिरज–कोल्हापूर मार्गावर हातकणंगले स्थानक आहेच, आणि रेल्वेचा मासिक पास पेट्रोलपेक्षा बराच स्वस्त पडतो. उरलेले 500 रुपये कुठून येणार हे घराघरावर अवलंबून आहे. कुठे कोणी न पाहणारे ओटीटी चालू असते, कुठे दोन सिमकार्डांचे रिचार्ज.

गावाकडचे कार्डकर्ज मात्र अनेकदा रोजच्या खर्चाने वाढत नाही. ते जत्रा, जावळ, वास्तुशांत आणि आहेर अशा एकेका दिवशी उडी मारते. पाव्हण्यांच्या एका जेवणावळीत सहा महिन्यांची काटकसर जाऊ शकते. ‘यंदा घरातल्यांपुरतेच’ हे शब्द तोंडातून काढणे पेट्रोल वाचवण्यापेक्षा कितीतरी जड जाते, हे खरे.

पगार आठवड्याला, बिल महिन्याला

कार्डाची रचना महिन्याच्या पगारदाराला धरून आहे. या तालुक्यात पैसा वेगळ्या तालात येतो. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराचा पगार आठवड्याला होतो. गोकुळच्या दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. उसाचे पैसे कायद्याने 14 दिवसांत मिळायला हवेत, पण ते हप्त्याहप्त्यानेही येतात. महिनाअखेरच्या बिलासाठी आठवड्याचा पैसा राखून ठेवायचा म्हटले, तर तो राहत नाही.

पण राखून ठेवायची गरजच नाही. थकबाकीवरचे व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर मोजले जाते. पगार झाला त्या दिवशी हजार-बाराशे कार्डावर भरले, तर त्या दिवसापासून तेवढ्यावरचे व्याज थांबते. बिलाच्या तारखेची वाट पाहण्यात फायदा नाही. फक्त बिल आल्यानंतर मुदतीच्या आत किमान रकमेइतके पैसे जमा झालेले असावेत. तारीखच अडचणीची असेल तर ती बदलून मागता येते. बिलाचे चक्र किमान एकदा बदलण्याची सोय देणे रिझर्व्ह बँकेने कार्ड कंपन्यांना बंधनकारक केले आहे.

पिग्मी, भिशी मोडायची का?

गणित पाहिले तर कर्ज फिटेपर्यंत पिग्मीचे 50 रुपये सरळ कार्डाकडे वळवावेत. चार-पाच टक्क्यांसाठी 42 टक्के सोसण्यात अर्थ नाही. जुनी पिग्मी मुदतीआधी मोडताना व्याज किती कापले जाते, हे संस्थेत विचारून घ्यावे. कपात झाली तरी बहुधा मोडणेच फायद्याचे ठरते. भिशी मात्र मधेच सोडता येत नाही, तिथे शब्दाचा प्रश्न असतो. आपली पाळी लवकर घेऊन ती रक्कम थेट कार्डावर भरणे हा चांगला उपाय.

सगळी शिल्लक रिकामी करणेही धोक्याचे. घरात पाच-सात हजार रुपये नसतील, तर पहिल्याच दवाखान्याच्या खर्चाला तेच कार्ड पुन्हा बाहेर येते. त्यासाठी व्याजात थोडी झळ सोसावी.

नोकरदारांची पतसंस्था किंवा सोनेतारण यातून कमी व्याजाने पैसे मिळत असतील, तर कार्ड एकदम फेडून ते कर्ज हप्त्याने फेडणे स्वस्त पडते. बँकेकडे थकबाकीचा ईएमआय करून मागितला तरी दर बराच उतरतो, मात्र प्रक्रिया शुल्क आधी विचारावे. ‘सेटलमेंट’चा फोन आला तर घाई नको. काही रक्कम सुटते, पण सिबिल अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढे घरकर्ज, वाहनकर्ज मागताना ती आडवी येते.

वसुलीच्या फोनांनाही मर्यादा आहे. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी करता येत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. आणि सगळी थकबाकी फिटल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, तर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी 500 रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो.