बेटावरची सुट्टी स्वस्तात, पण कुणाच्या जिवावर?

अंदमानला जाऊन आल्यापासून एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. "तिथं सगळं महाग असतं म्हणे, खाण्यापिण्याचं कसं भागवलंत?" विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. पुरुष विमानाचं भाडं विचारतात.

महाग असतं हे खरं. चेन्नई काय नि कोलकाता काय, दोन्ही तिथून सुमारे 1,200 किलोमीटर लांब. डाळ, तेल, कांदे-बटाटे बोटीनं यायचे. पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजय पुरम) उतरलेला माल पुन्हा लहान बोटीत चढून हॅवलॉकला जातो. त्याचंही नाव 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं, पण बाजारात अजून हॅवलॉकच ऐकू येतं. प्रत्येक चढ-उताराची मजुरी शेवटी ताटातल्या वरणावर पडते.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे घरचं बांधून नेणं. दशम्या, मेतकूट, भाजणी, शिवाय हल्ली विजेचा छोटा कुकर. पैसे वाचतात, नाही कोण म्हणेल? पण निघण्याआधी भाजणी भाजत कोण जागतं? दिवसभर समुद्रावर फिरून आल्यावर खोलीत खिचडी कोण टाकतं, आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये कुकरचं भांडं कोण घासतं? तिच्या या कामाची किंमत हिशेबात शून्य धरलेली असते, म्हणून ती सहल स्वस्त ठरते. घरकामाच्या मोलावर आपण शिबिरांतून इतकी वर्षं बोलतोय. मग सुट्टीला निघतानाच ते स्वयंपाकघर पाठीला कशाला बांधायचं?

तिथं कमी पैशात जेवायचं तर बेटावरचे लोक जेवतात तिथं जेवावं. 1949 पासून पूर्व बंगालमधल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं अंदमानात वसवायला सुरुवात केली. 2011 च्या जनगणनेतही या बेटांवर सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा बंगाली होती. त्यांच्या साध्या खाणावळी धक्क्याजवळच्या बाजारात सापडतात. भात, डाळ, एखादी भाजी, तळलेला नाहीतर रश्श्यातला मासा. मासे न खाणारीचंही भागतं. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात एकीच्या जेवणाला जेवढे पडले, तेवढ्यात इथं आम्ही दोघी पोटभर जेवलो. मासा वजनावर मिळत असेल तर भाव आधी विचारावा, एवढंच. नीलवर (आताचं शहीद द्वीप) भाजीपाला तिथंच पिकतो, तेव्हा ताजी भाजी नि केळी तिथं खावीत. बेटाबेटांमध्ये सरकारी बोटीनं जावं. बाहेरच्यांना तिचं तिकीट स्थानिकांपेक्षा महाग असतं, तरी खाजगी बोटीपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतं.

आता खरेदी. इथं मला आपल्याच बायांशी भांडायचं आहे. रिसॉर्टच्या बिलावरचा कर आपण मुकाट्यानं भरतो आणि बाहेर शहाळेवालीशी पाच-दहा रुपयांवरून हुज्जत घालतो. हा कंजूषपणा आहे असं मी म्हणणार नाही. विमान, हॉटेल, पॅकेज हे सगळं अनेकदा बाईला न विचारताच ठरलेलं असतं. तिच्या हातात उरतात ते शहाळ्याचे पैसे. लहानपणापासून शिकवलेली काटकसर मग ती तिथंच गाजवते, आणि समोर असते तिच्यासारखीच एक बाई, जिची दिवसभराची कमाई त्या टोपलीतून निघायची असते. पैसे वाचवायचेत ना? मग पॅकेज ठरवताना तोंड उघडा. दोन रात्री रिसॉर्टाऐवजी साध्या घरगुती लॉजमध्ये काढल्या तर किती शहाळ्यांचे पैसे सुटतात ते एकदा मांडून पाहा.

शंख-शिंपल्यांच्या दागिन्यांबद्दलही थोडं. किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळांना आणि काही जातींच्या शंखांना संरक्षण दिलेलं आहे. शिंपल्याची वस्तू घ्यायचीच तर पावती मिळेल अशा दुकानातून घ्या आणि ती पावती परतीच्या प्रवासात जवळ ठेवा. सरकारी 'सागरिका'मध्ये हस्तकलेच्या वस्तू मिळतात. मी काही घेतलं नाही. सगळ्यांसाठी भेटवस्तू आणायची जबाबदारी बाईचीच असते, हे मला मान्य नाही. घरी थोडी कुरकुर झाली, झाली तर झाली.

येत्या हिवाळ्यात गटातल्या काही जणी जायचं म्हणताहेत. त्यांना माझी सूचना आहे की सामाईक पैसे एकत्र ठेवावेत, हिशेब रोज वेगळीनं लिहावा आणि कुकर घरीच राहू द्यावा. चिवडा आणि आलेपाक मात्र जरूर घ्या. बोट लागली की ताट समोर नको वाटतं, आलेपाक चालतो.