वजन उतरलं, कातडीचं काय?

इंग्लंडमधल्या इप्सविचचा पॉल मेसन एके काळी जगातला सर्वांत वजनदार माणूस म्हणून ओळखला जायचा. वजन 400 किलोंच्या पुढे. 2010 मध्ये त्याची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक वजन उतरलं. आधीचे आणि नंतरचे फोटो जगभर छापून आले. त्याचं दुसरं दुखणं मात्र तिथूनच सुरू झालं. पोटावरून, मांड्यांवरून, दंडांवरून लोंबणारी कातडी एकमेकींवर घासून सोलवटायची, चिरायची, चिघळायची. वजन स्थिर होईपर्यंत ती काढता येणार नाही, असं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने त्याला सांगितलं होतं. अखेर 2015 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्लास्टिक सर्जनने एक पैसाही न घेता ते ऑपरेशन केलं. 20 किलोंहून अधिक कातडी निघाली.

मेसनचं वजन टोकाचं होतं, तक्रार मात्र नेहमीची आहे.

नितीन गडकरींनी 2011 मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांमध्येही तिची चर्चा झाली. आज पुण्यात, नाशकात, नागपुरातही ती होते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर साखर विचारतात, रक्तदाब विचारतात, घोरणं आणि गुडघे विचारतात. पोटाची वळी उचलून तिच्याखाली काय चाललंय ते पाहणारे कमी. पेशंटही आपणहून सांगत नाही, कारण त्या जागेची आणि त्या वासाची लाज वाटते. वर्षानुवर्षं खाज आणि चट्टे सोसलेली व्यक्ती वजन उतरल्यावर ढिल्या कातडीत तेच पुन्हा सोसते. हे थांबायला हवं. कातडी हा या उपचाराचाच भाग आहे, आणि तिची तपासणी ऑपरेशनच्या आधी सुरू होऊन वजन स्थिरावेपर्यंत चालली पाहिजे.

स्तनांखाली, ओटीपोटाच्या वळीत, जांघेत कातडी कातडीवर टेकलेली असते. घाम वाळत नाही, वरचा थर भिजून पांढुरका आणि मऊ पडतो, चालताना घासून सोलवटतो. मग तिथे कॅन्डिडा ही बुरशी वाढते. लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेबाहेर विखुरलेले बारीक फोड ही तिची ओळख. शेजारीच असणारा तपकिरी, कोरडा डाग मात्र बुरशीचा नसून एरिथ्राझ्मा या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराचा असू शकतो. वुड्स लॅम्पच्या अतिनील उजेडात तो पोवळ्याच्या रंगात चमकतो. गोल, कडेने पसरत जाणारं गजकर्ण तिसरंच, आणि वळीत लपलेला सोरायसिस चौथा. नुसत्या डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं. औषधं मात्र वेगवेगळी.

नेमक्या याच जागी मेडिकलमधली ‘लाल चट्ट्यांची ट्यूब’ घात करते. तिच्यात बुरशीवरचं औषध असतं, अँटिबायोटिक असतं आणि बहुतेकदा क्लोबेटासोलसारखं जबरदस्त स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणूस ती महिनोन्‌महिने लावत राहतो. स्टेरॉइडने कातडी कागदासारखी पातळ होते, त्यावर कायमच्या चिरा उमटतात आणि आतली बुरशी दबून पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलते आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी डझनभराहून अधिक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी काउंटरवर ती मिळतात, आणि टर्बिनाफिनसारख्या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारं गजकर्ण आज देशभरातल्या दवाखान्यांत दिसतं. ज्याला उद्या पोटावर शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे, त्याने आज पोटाची कातडी अशी पातळ करून घेणं फार धोक्याचं आहे. अन्न व औषध प्रशासनाने या काउंटरांकडे गांभीर्याने पाहायला हवं.

मराठी बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. परकराची नाडी नेमकी वळीच्या तोंडाशी करकचून बसते. 1945 मध्ये मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या काचण्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली वर्षानुवर्षं राहिलेल्या जखमेतून कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. हे अतिशय विरळा आहे, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण महिनाभर न भरणारी जखम ‘उष्णतेची’ म्हणून सोडून द्यायची नसते, एवढं यातून नक्की कळतं. रुंद, सैल पट्ट्याचा परकर, अंघोळीनंतर वळी उचलून टिपून कोरडी करणं (घासून नव्हे), आणि मऊ सुती कापडाची घडी आत ठेवून ती ओलसर होताच बदलणं यांनी पावसाळ्यातही बराच फरक पडतो. पावडर भरपूर थापली तर घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्याच काचतात.

आता टाक्यांकडे वळू. जठर लहान करणारी स्लीव्ह असो की बायपास, आज ही ऑपरेशनं बहुधा दुर्बिणीने होतात. पोटावर अर्ध्या ते दीड सेंटिमीटरची चार-सहा छिद्रं. छोटी असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. आदल्या रात्री घरच्या वस्तऱ्याने पोट भादरणं आधी बंद करायला हवं. त्याने बारीक चिरा पडतात आणि संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत केस काढायचेच असतील तर क्लिपरने, असं स्पष्ट सांगितलं. ऑपरेशननंतर पट्टीच्या आकाराचाच चौकोनी, खाजरा चट्टा उठला तर ती बहुधा चिकटपट्टीची ॲलर्जी असते, ‘पू’ नव्हे. उलट, भरून आलेल्या छिद्रातून काही आठवड्यांनी पाणी येऊ लागलं, गाठ लागली आणि साध्या अँटिबायोटिकने ती हटेना, तर क्षयरोगाच्या जंतूंच्या भावकीतले जंतू तिथे बसलेले असू शकतात. दुर्बिणीची उपकरणं नीट निर्जंतुक न झाल्यास असं होतं. भारतात असे रुग्ण वारंवार नोंदले गेले आहेत. हळद, तूप, खोबरेल लावत बसण्याऐवजी त्या पाण्याची तपासणी मागून घ्यावी.

गव्हाळ आणि सावळ्या कातडीला आणखी एक सवय असते, व्रण उचलण्याची. काहींचा व्रण जाड होऊनही जखमेच्या हद्दीत राहतो. काहींचा मात्र हद्द ओलांडून पसरतो, खाजतो, दुखतो. तो केलॉइड. कान टोचल्यावर किंवा देवीच्या लशीच्या जागी घरात कुणाला असा गोळा आला असेल, तर सर्जनला ऑपरेशनआधी सांगावं. सिलिकॉनची पट्टी रोज 12 तासांहून अधिक, किमान दोन-तीन महिने लावली, किंवा वेळेवर व्रणात ट्रायमसिनोलोनची इंजेक्शनं घेतली, तर त्रास आटोक्यात राहतो. केलॉइड नुसता कापला की अनेकदा आणखी मोठा होऊन परततो.

आणि खाणं. ऑपरेशननंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरण आणि अर्धी पोळी यांत ती निघत नाहीत. प्रथिनं, झिंक, लोह कमी पडलं की जखम रेंगाळते, केस गळतात, तोंडाभोवती आणि जांघेत चट्टे उठतात. त्या चट्ट्यांवर कितीही मलमं चोळली तरी रक्ततपासणीशिवाय कारण सापडत नाही.

सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो शेवटच्या टप्प्यावर. वर्ष-दीड वर्षात वजन स्थिरावतं, लोंबती कातडी राहते. ती व्यायामाने आत जात नाही, कारण तिच्यातले ताणले गेलेले तंतू तुटलेले असतात. ती काढली तर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लांब व्रण राहतो. रुग्ण तो आनंदाने पत्करतात, कारण रोजची जखम थांबते. पण विमा कंपनी फाइलवर ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ असा शिक्का मारते. पोटाच्या आतलं ऑपरेशन आजार म्हणून मान्य करायचं आणि त्याच ऑपरेशनचा परिणाम हौस ठरवायचा, हे पटण्यासारखं नाही. 2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. त्यांनीही झपाट्याने वजन उतरतं, त्यामुळे असे दावे वाढतच जाणार आहेत. विमा क्षेत्राच्या नियामकाने, म्हणजे इर्डाने, याबाबत स्पष्ट नियम करायला हवा.

तोवर एक वाट खुली आहे. इर्डाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या अपवादाच्या कलमातच म्हटलं आहे की प्रत्यक्ष आणि तातडीचा आरोग्यधोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेली प्लास्टिक सर्जरी वगळता येत नाही, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं प्रमाणित करायला हवं. म्हणून पहिल्या चट्ट्यापासून कागद जमवावेत. तारखेसकट फोटो, त्वचारोगतज्ज्ञाचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, संसर्ग किती वेळा उलटला त्याची नोंद, आणि शेवटी सर्जनचं प्रमाणपत्र. तरीही दावा फेटाळला गेला तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालयं आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. ती फेटाळली गेल्यापासून वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.