यंत्राला आवाज कळतो, मालक कळत नाही

उरुसात कव्वाली रंगात येते तेव्हा आपल्यापैकी दहा-वीस जणांचे मोबाइल वर असतात. घरी पोचेपर्यंत एखादा व्हिडिओ यूट्यूबवर चढलेला असतो. चॅनेल आपलं, जाहिरातीचे पैसेही आपले. कव्वालाचं नाव कधी असतं, कधी नसतं. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: ‘‘सवाबचं काम आहे, त्यात मालकी कसली?’’

मला हे उत्तर पटत नाही. संगीत जायज की नाजायज, हा वाद वेगळा. इथे प्रश्न दुसऱ्याच्या कमाईचा आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग कव्वाल, ढोलकवाला आणि शायर यांनाच ती का लागू नाही? इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीनेही १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात लेखन आणि संशोधनावरचा हक्क शरियतमान्य ठरवला आहे. हा हक्कुल-इबादचा मामला आहे.

‘जुनं आहे, म्हणजे फुकट आहे’ हाही गैरसमज. अमीर खुसरो १३२५ मध्ये वारले. त्यांचं कलाम सर्वांचं. पण आजचा कव्वाल ते गातो तेव्हा त्या गायनावर भारतीय कायद्याने ५० वर्षं त्याचा हक्क असतो आणि ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं निर्मात्याचा. शाहीर अमर शेख १९६९ मध्ये गेले. त्यांनी लिहिलेल्या आणि हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत, त्यांच्या वारसांकडे किंवा ज्यांना तो दिला असेल त्यांच्याकडे आहे.

मग यूट्यूब हे सगळं पकडत नाही का? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून थोडं सांगतो. तिथल्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेत कंपन्या आपली गाणी जमा करतात. प्रत्येक गाण्याच्या आवाजाचा ठसा तयार होतो आणि नवा व्हिडिओ आला की तो या ठशांशी ताडला जातो. जुळला, तर व्हिडिओ बंद होतो किंवा त्याचे पैसे दावेदाराकडे वळतात. गाणं खरोखर कुणाचं, हे यंत्राला कळत नाही. ज्याने जमा केलं, तो मालक. शिवाय ही सोय मोठा साठा असणाऱ्यांनाच मिळते. गावोगाव गाणाऱ्या कव्वालाला नाही.

त्यामुळे उलटा प्रकारही घडतो. कव्वाल स्वतःची जुनी कॅसेट चढवतो आणि त्याच्याच आवाजावर कंपनीचा दावा येतो. तो हरकत घेऊ शकतो, दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. पण ‘तुम्ही सही करून हक्क दिले होते’ असं कंपनीने म्हटलं, तर दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो.

कायदा इथे त्याच्या बाजूने आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरला जातो. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जिचा जोरदार पाठपुरावा केला, त्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा एकरकमी पैसे देऊन हिरावता येत नाही. गायनाचा व्यापारी वापर झाला तर गायकालाही रॉयल्टी मिळाली पाहिजे.

आपल्यातल्या कितीतरी जणांना संगणक येतो, करार वाचता येतो. आपल्या मोहल्ल्यातल्या कव्वालाला त्याच्याच नावाचं चॅनेल काढून द्या. सही करण्याआधी त्याचा कागद वाचून दाखवा. गीतकार असेल तर आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्यायला मदत करा. आणि पुढच्या उरुसात मोबाइल वर करण्याआधी त्याला एकदा विचारा. सवाब हवा असेल तर सुरुवात इथून करू.