खाला आणि अंगणवाडीताई

आईवडील कामावर गेले की लहान मूल नानीकडे किंवा शेजारच्या खालाकडे राहते. मोहल्ल्यात अंगणवाडीही असते. पण खाला आणि अंगणवाडीताई यांची ओळखच नसते. नुकसान मुलाचे होते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार मिळतो, वजन-उंची पाहिली जाते, लसीकरणाला मदत होते. तीन ते सहा वयात शाळापूर्व शिक्षणही मिळते. वजन घटल्याचे ताईला तक्त्यावरून कळते. पण मूल ताटात काय टाकून देते, किती झोपते, कोणते नवे शब्द बोलते, हे खालालाच ठाऊक असते. दोघींनी बोलले तरच वेळेवर उपाय होतो.

म्हणून भगिनींनो, वजनाच्या दिवशी खालाला सोबत न्या. लसींची नोंद असलेले कार्ड तिला दाखवून ठेवा. अंगणवाडीतले गाणे, खेळ तिच्याकडेही होऊ द्या. घरी उर्दू किंवा कोकणी बोलत असाल, तर ताईला आवर्जून सांगा. मूल गप्प का बसते, हे तिला उमगेल.

मूल ही अमानत आहे. ती सांभाळणाऱ्या हातांची आपसात ओळख हवी.